छोटा टाइप-सी चार्जर घेताना लेबलवरच्या कुठल्या ओळी वाचायच्या

प्रश्न असा आलाय: घरात सॅमसंगचा २५ वॅट सुपर फास्टवाला फोन, मिसेसचा आयफोन, ऑफिसचा टाइप-सीवर चालणारा लॅपटॉप ज्याचा मूळ चार्जर ६५ वॅटचा आहे, शिवाय इयरबड्स आणि ट्रिमर, आणि या सगळ्यांसाठी बॅगेत मावेल असा एकच छोटा चार्जर घ्यायचाय. ६५ वॅट गॅन (चार्जर छोटा करणारं तंत्र, पुढे सांगतो) लिहिलेले चार्जर एकीकडे एकदम स्वस्तात दिसतात आणि दुसरीकडे तिप्पट किमतीला, तर फरक नेमका कशात आहे, लेबल कसं वाचायचं, आणि एवढ्या वॅटचा चार्जर लावला तर फोनची बॅटरी खराब होईल का.

मी बरीच वर्षं पॉवर सप्लायच्या टेस्टिंग आणि दुरुस्तीचं काम करतोय, चार्जर उघडून आत बघणं हे रोजचंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर लांब होईल पण एकदा नीट कळलं की पुढच्या प्रत्येक खरेदीला उपयोगी पडेल.

आधी ती बॅटरीची भीती काढून टाकू. चार्जर फोनमध्ये करंट ढकलत नाही, फोन त्याला पाहिजे तेवढा ओढतो. टाइप-सीमध्ये तर मामला अजून सुरक्षित आहे, पोर्टला काहीच लावलेलं नसताना मीटरने मोजलंत तर व्होल्टेज शून्य येतं. केबल लावली की फोनच्या आत ५.१ किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर असतो तो चार्जरला दिसतो, मग चार्जर ५ व्होल्ट देतो, मग तो आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी फोनला पाठवतो, ५ व्होल्टला इतके अँपिअर, ९ ला इतके, १५ ला इतके, २० ला इतके, आणि फोन त्यातलं एक मागतो. चार्जर हो म्हणाला की मगच व्होल्टेज वर जातं. हे सगळं एखाद्या सेकंदात होतं आणि यालाच पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी म्हणतात. त्यामुळे १०० वॅटच्या चांगल्या चार्जरला इयरबड्स लावले तरी त्यांना ५ व्होल्टच मिळतात आणि ते त्यांच्यापुरता करंट घेतात, काही होत नाही.

म्हणजे खरा प्रश्न चार्जर किती वॅटचा आहे हा नाहीच, तुमचा फोन किंवा लॅपटॉप जे मागणार आहे ते या चार्जरच्या यादीत आहे का हा आहे. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ६५ लिहिलेलं असतं आणि आपण तेच बघतो, पण यादी असते ती चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरात, तीच वाचायची. ऑनलाइन घेत असाल तर फोटोत लेबल झूम करून बघा, आणि ज्या विक्रेत्याने लेबलचा फोटोच टाकलेला नाहीये त्याच्याकडून घेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

आता लेबल. पहिली ओळ इनपुट, तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं पाहिजे. दुसरीकडे आउटपुट, आणि इथे प्रत्येक पोर्टची वेगळी ओळ असली पाहिजे. उदाहरणार्थ सी-१: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, इतकाच हिशोब, २० गुणिले ३.२५ म्हणजे ६५, म्हणजे हा पोर्ट खरोखर ६५ वॅटचा. २० वॅटच्या चार्जरवर ९ व्होल्ट २.२२ अँपिअर दिसेल, ३० वॅटवाल्यावर साधारणपणे २० व्होल्ट १.५ अँपिअर, ४५ वॅटवाल्यावर २० व्होल्ट २.२५ अँपिअर, १०० वॅटवर २० व्होल्ट ५ अँपिअर. पीडीच्या नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० याच आहेत, १२ व्होल्ट काही चार्जर देतात काही देत नाहीत, नसलं तर त्याची काळजी करू नका. २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं त्यात २८, ३६, ४८ व्होल्टच्या पायऱ्या वाढल्या आणि कमाल २४० वॅटपर्यंत गेली पण ते मोठ्या लॅपटॉपसाठी, तुम्हाला त्याचा संबंध नाही.

स्वस्त चार्जरमधली सगळ्यात नेहमीची चलाखी इथेच पकडता येते. तीन पोर्ट असतात, एकावर २० वॅट, दुसऱ्यावर २० वॅट, तिसऱ्यावर २२.५ वॅट, आणि बॉक्सवर या सगळ्यांची बेरीज करून ६२ का ६५ वॅट छापतात. फोन मस्त चार्ज होतात त्यावर, पण लॅपटॉप लावला की काहीच होत नाही कारण १५ किंवा २० व्होल्टची ओळच त्यात नाही. बेरीज खोटी नसते, तुमच्या कामाची नसते. एका पोर्टला एकट्याला जास्तीत जास्त किती, हाच आकडा तुमच्या कामाचा.

आता तुमच्या सॅमसंगकडे येऊ, कारण इथे बरेच लोक अडकतात. २५ वॅटच्या सुपर फास्टसाठी साधं पीडी पुरत नाही, त्याला पीपीएस लागतं, म्हणजे व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलता येणारं पीडी. लेबलवर पीपीएस असं लिहून पुढे ३.३ ते ११ व्होल्ट, आणि पुढे अँपिअर असं काहीतरी दिसलं पाहिजे. सॅमसंगच्या स्वतःच्या २५ वॅटच्या चार्जरवर बघितलंत तर पीडीओ (पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या) खाली ९ व्होल्ट २.७७ अँपिअर आणि पीपीएस खाली ३.३ ते ५.९ व्होल्ट ३ अँपिअर, ३.३ ते ११ व्होल्ट २.२५ अँपिअर असं छापलेलं असतं. तुम्ही घ्याल त्या चार्जरवर ही ३.३ ते ११ व्होल्टवाली ओळ असली, किंवा त्याहून मोठी म्हणजे ३.३ ते १६ किंवा ३.३ ते २१ व्होल्टवाली, आणि समोर २.२५ अँपिअर किंवा जास्त लिहिलेलं असलं, की झालं. नसली तर फोन चार्ज होईल, पण स्क्रीनवर नुसतं फास्ट चार्जिंग येईल आणि वेग १५ वॅटच्या आसपास राहील, भले चार्जर १०० वॅटचा का असेना. लोक म्हणतात एवढा महाग चार्जर घेतला आणि फोन हळू चार्ज होतोय, चार्जर डिफेक्टिव्ह आहे, तर डिफेक्टिव्ह काही नसतो, पीपीएस नसतं.

पीपीएस का लागतं हे थोडक्यात सांगतो कारण त्यातून पुढचंही कळेल. साध्या पीडीत व्होल्टेज ठरलेल्या पायऱ्यांवर असतं, ९ म्हणजे ९. पण बॅटरी असते ३.७ ते ४.४ व्होल्टच्या दरम्यान, मग ९ चे ४ करायचे तर फोनच्या आतल्या सर्किटला खटाटोप करावा लागतो आणि त्यात उष्णता निर्माण होते, फोनच्या आत, बॅटरीच्या शेजारी. पीपीएसमध्ये फोन चार्जरला सांगत राहतो की आता ८.१० दे, आता ८.१२ दे, २० मिलिव्होल्टच्या पायरीने, आणि चार्जर तसं देत राहतो. मग फोनमध्ये फक्त व्होल्टेज निम्मं आणि करंट दुप्पट करणारं एक सोपं सर्किट पुरतं, त्यात फार कमी वाया जातं. म्हणजे पीपीएस नुसतं वेगासाठी नाहीये, फोन थंड राहतो हा त्याचा मोठा फायदा, आणि बॅटरीचं आयुष्य कमी करणारी मुख्य गोष्ट उष्णताच आहे, वॅटचा आकडा नाही.

आयफोनचं सोपं आहे. आयफोन ८ पासून पुढे सगळे साध्या पीडीवर फास्ट चार्ज होतात, आणि आयफोन १२ पासून पुढच्यांना २० वॅट किंवा जास्तीचा पीडी चार्जर असला की झालं, पीपीएस नको. फक्त आयफोन १५ च्या आधीचा असेल तर टाइप-सी टू लाइटनिंग केबल लागेल, जुनी यूएसबी-ए (चपट्या रुंद टोकाची) वाली पांढरी केबल नाही चालणार.

तुम्ही विचारलं नाहीये पण घरात पुढे कोणी वनप्लस, ओप्पो, रिअलमी, व्हिवो, शाओमीचा फोन घेईल तेव्हासाठी लिहून ठेवतो, की त्यांचे ६५, ८०, १०० वॅट हे बहुतेक त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने चालतात. उदाहरणार्थ ओप्पो-वनप्लसचं ६५ वॅटचं सुपरवूक म्हणजे १० व्होल्ट ६.५ अँपिअर, आणि पीडीत ५ अँपिअरच्या वर करंटच नाही, त्यामुळे बाहेरचा कितीही भारी पीडी चार्जर आणा, तो वेग येणार नाही. काही नवीन मॉडेल पीपीएसवर बऱ्यापैकी वेगाने चार्ज होतात, काही साध्या पीडीवर १८ वॅटच्या आसपास अडकतात, मॉडेलप्रमाणे फरक पडतो. अशांनी घरी कंपनीचाच चार्जर वापरावा आणि छोटा गॅन चार्जर प्रवासासाठी ठेवावा.

लॅपटॉप आणि केबल हे एकत्रच समजून घ्या. साधी टाइप-सी टू टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या वर जायचं तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते जी चार्जरला सांगते की मी ५ अँपिअर सोसू शकते. आता गंमत बघा, ६५ वॅट म्हणजे ३.२५ अँपिअर, ३ च्या थोडंसंच वर, म्हणजे साधी केबल लावली तर चार्जर लॅपटॉपला ६० वॅटच देऊ करतो. ५ वॅटने तसा काही फरक पडत नाही पण काही लॅपटॉप लगेच स्लो चार्जर म्हणून मेसेज दाखवतात आणि माणूस चार्जर परत करतो. १०० वॅट किंवा २४० वॅट लिहिलेली केबल घ्या, एक मीटर पुरे, तीच फोनलाही चालते.

केबलची जाडी हीसुद्धा खरी गोष्ट आहे, मार्केटिंग नाही. बारीक केबलमधली २८ गेजची तार धरली तर तिचा रेझिस्टन्स मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास, जायची एक आणि यायची एक म्हणून एक मीटर केबलला ०.४२, आणि त्यातून ३ अँपिअर गेले की सव्वा व्होल्ट केबलमध्येच गेला. ५ व्होल्ट निघाले, फोनपर्यंत पावणेचारच पोहोचले, त्यावर फोन काय चार्ज होणार, तो आपोआप करंट कमी करून घेतो. दोन मीटरची स्वस्त केबल लावून चार्जरला शिव्या देणारे खूप बघितलेत. जास्त व्होल्टेज आणि कमी करंट ही पद्धत आली ती याचसाठी.

अनेक पोर्ट असलेला घेताना वाटणी बघायची. ६५ वॅटच्या दोन सी आणि एक ए अशा चार्जरमध्ये साधारणपणे एकटा सी-१ लावला तर ६५, दोन्ही सी लावले तर ४५ आणि २०, आणि काहींमध्ये सी-२ आणि ए एकत्र लावले की त्या दोघांना मिळून ५ व्होल्टचे १५ वॅटच. म्हणजे फोन आणि इयरबड्स चुकीच्या जोडीत लावले की फोनचं फास्ट चार्जिंग बंद. ही वाटणी लेबलवर किंवा माहितीपत्रकात छापलेली असते, आणि ज्याने छापलेली नाही त्याच्यापासून लांब राहा. अजून एक, दुसरं काहीतरी लावलं किंवा काढलं की बहुतेक चार्जर क्षणभर सगळ्या पोर्टचा सप्लाय तोडून परत बोलणी करतात. फोन-लॅपटॉपला त्याचं काही नाही कारण त्यांना बॅटरी आहे, पण वायफाय राउटर किंवा कॅमेरा असं बॅटरी नसलेलं काही अशा चार्जरवर लावलं असेल तर ते दरवेळी रीस्टार्ट होणार.

गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड, पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या चिपमध्ये वापरतात तोच पदार्थ. चार्जरमध्ये त्याचा ट्रान्झिस्टर सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त वेगाने चालू-बंद करता येतो आणि तसं करताना तो कमी तापतो. वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो, आणि कमी तापलं की सगळं जवळ-जवळ बसवता येतं, म्हणून आकार छोटा. आकडे बघा, ६५ वॅट बाहेर देताना चार्जर ९२ टक्के कार्यक्षम असला तर साडेपाच-पावणेसहा वॅट उष्णता होते, ८५ टक्के असला तर साडेअकरा, म्हणजे दुप्पट, आणि ती तेवढ्याच छोट्या डब्यातून बाहेर पडायची आहे. म्हणून एखादा ६५ वॅटचा चार्जर फारच छोटा आणि फारच स्वस्त असला तर आत काय असेल याचा विचार करा. खरंखोटं बाहेरून ओळखायला, पूर्ण लोडवर म्हणजे बॅटरी उतरलेला लॅपटॉप लावून अर्धा तास चालवा आणि हात लावा. गरम लागणार, ते ठीकच आहे, पण हात ठेवताच येत नसेल किंवा वास येत असेल तर तो नको. विदर्भात मे महिन्यात जेव्हा खोलीतच ४० च्या वर असतं तेव्हा चांगला चार्जरसुद्धा आपणहून वॅट कमी करतो, ते त्याचं संरक्षण आहे, बिघाड नाही. उशीखाली किंवा बंद बॅगेत मात्र कुठलाच चालवू नका.

आता सुरक्षितता, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. चार्जरच्या आत एका बाजूला भिंतीतले २३० व्होल्ट असतात, ते डीसी झाले की ३२५ व्होल्ट होतात, आणि काही मिलिमीटर पलीकडे तुमच्या हातातल्या फोनला जाणारे ५ व्होल्ट. या दोन बाजूंमध्ये अंतर किती ठेवलंय, ट्रान्सफॉर्मरमध्ये इन्सुलेशनचे थर किती, फ्यूज आहे का, इथे पैसे वाचवले की चार्जर स्वस्त होतो. उघडून बघितल्यावर जे नकली दिसतात त्यात फ्यूजच्या जागी साधी तार किंवा साधा रेझिस्टर असतो आणि दोन्ही बाजूंचे ट्रॅक एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाल्यांनी अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली चार्जर तपासले होते, शॉक लागण्यापासूनच्या संरक्षणाची चाचणी त्यातले फक्त ३ पास झाले. इथे तासन् तास फोन चालणार आणि माणसं चार्जिंगला लावून कानाला फोन लावणार, म्हणून यात तडजोड नको.

आपल्याकडे हे तपासायची सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. आयटी उपकरणांचे अ‍ॅडॉप्टर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीखाली आहेत. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह, आयएस ने सुरू होणारा मानकाचा क्रमांक आणि आर ने सुरू होऊन पुढे आठ आकडे असलेला नोंदणी क्रमांक असला पाहिजे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात हा आर क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव, पत्ता, वस्तूचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे का ते येतं. नुसता क्रमांक छापलेला असणं पुरेसं नाही, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत, अ‍ॅपमध्ये आलेला ब्रँड आणि तुमच्या हातातला ब्रँड जुळतोय का बघा. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे.

बरेच जण विचारतात की चार्जिंगला लावल्यावर मेटल बॉडीच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, हे शॉकचं लक्षण आहे का. दोन पिनच्या चार्जरमध्ये आवाज म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइज कमी करायला दोन्ही बाजूंमध्ये वाय प्रकारचा एक खास कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट येतो. चांगल्या चार्जरमध्ये तो मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा कमी असतो, मानकात त्याला मर्यादा घातलेली आहे, त्याने अपाय नाही पण अनवाणी असलात तर जाणवतो. मात्र झटका बसल्यासारखं होत असेल तर तो चार्जर लगेच काढून टाका. आणि चार्जिंगला असताना फोनची स्क्रीन आपोआप कुठेही टच होत असेल, टाइप करताना भलतीच अक्षरं येत असतील, चार्जर काढला की सगळं ठीक, तर ती नॉइज त्या चार्जरची आहे, फोनला दुकानात नेऊन डिस्प्ले बदलू नका.

भिंतीकडच्या बाजूचंही बघायला हवं. १००-२४० लिहिलेला चार्जर साधारण २६४ व्होल्टपर्यंत धरून बनवलेला असतो, २६४ चे डीसी ३७३ होतात आणि आत कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो, म्हणजे फार मोकळीक नाहीये. व्होल्टेज ३०० ला गेलं की ४२४ झाले, कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. गावाकडे डीपीवर किंवा सोसायटीत न्यूट्रल तुटला की घरात ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात आणि एका झटक्यात घरातले सगळे चार्जर आणि एलईडी बल्ब जातात, पावसाळ्यात अशा केसेस दुरुस्तीला ढिगाने येतात. यावर चार्जर बदलून उपाय नाही, मेन बोर्डाला ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवणं हाच उपाय. ते होईपर्यंत निदान लाईट डिम-ब्राइट व्हायला लागली की मेन स्विच बंद करा.

पिनही महत्त्वाची. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ५ मिलिमीटरची पिन घट्ट बसते, युरोपियन पद्धतीची ४ मिलिमीटरची पिन सैल बसते, आणि चार्जर छोटा असला तरी ६५ वॅटवाला वजनदार असतो, तो खाली लोंबकळतो, ठिणग्या पडतात, पिन काळी पडते. अमेरिकेतून कोणी आणून दिलेला चपट्या पिनचा चार्जर १००-२४० चा असेल तर व्होल्टेजची अडचण नाही पण त्याला जो कन्व्हर्टर लावावा लागतो तो बहुतेक वेळा अजूनच डुगडुगतो. शक्यतो जाड गोल पिनचा भारतीय मालच घ्या. रेल्वेच्या अनेक डब्यांत मोबाईल-लॅपटॉपच्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात, त्यावर चार्जर चालतो, फक्त इनपुट करंट दुप्पट होतो म्हणून थोडा जास्त तापतो. तिथे लॅपटॉप आणि फोन एकदम लावू नका आणि सैल सॉकेट असेल तर छोटी वायरवाली एक्स्टेंशन बरी पडते.

ट्रिमर आणि इयरबड्ससाठी एक गोष्ट. बऱ्याच स्वस्त ट्रिमर, टॉर्च, छोट्या स्पीकरमध्ये टाइप-सीचं सॉकेट असतं पण आत तो ५.१ किलोओहमचा रेझिस्टर टाकलेलाच नसतो. मग सी टू सी केबल लावली की चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही आणि तो ५ व्होल्ट देतच नाही. चार्जर बरोबर वागतोय, चूक त्या ट्रिमरची. यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात म्हणून ए टू सी केबलने तेच ट्रिमर चार्ज होतं. यासाठी तुमच्या चार्जरला एक तरी ए पोर्ट असू द्या.

वेगाच्या मागे किती लागायचं याबद्दल माझं मत असं आहे की फोनसाठी २५ ते ३० वॅटच्या वर पैसे घालू नयेत. ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम १९ वॅट-अवर ऊर्जा मावते, आणि कमाल वेग फक्त सुरुवातीला, निम्म्या बॅटरीपर्यंत मिळतो, ८० टक्क्यांनंतर फोन स्वतःच करंट कमी करत जातो. त्यामुळे २५ आणि ४५ मध्ये शंभर टक्क्यांपर्यंतचा फरक थोड्या मिनिटांचाच निघतो. आणि चार्जर प्लगमध्ये तसाच राहिला तर बिल वाढतं का, तर लेबलवर रोमन सहा हा आकडा असलेला चांगला चार्जर रिकामा असताना ०.१ ते ०.२ वॅट खातो, वर्षभर लावून ठेवला तरी दोन युनिटच्या आत.

तर तुमच्यासाठी: दोन सी आणि एक ए पोर्टचा ६५ वॅटचा गॅन, सी-१ वर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर आणि १५ व्होल्ट ३ अँपिअर दोन्ही ओळी असलेला, पीपीएसची ३.३ ते ११ किंवा त्याहून मोठी ओळ निदान एका सी पोर्टवर स्पष्ट छापलेली, दोन सीची वाटणी ४५ आणि २० अशी. म्हणजे लॅपटॉप ४५ वर आणि आयफोन २० वर एकदम चालतील, ४५ वर लॅपटॉप जड काम करताना हळू चार्ज होईल पण ऑफिसच्या कामाला पुरेल. सॅमसंगचा फोन मात्र लॅपटॉपबरोबर लावला तर २५ मिळणार नाहीत, २० वॅटच्या पोर्टची जी पीपीएस मर्यादा असेल तेवढेच. ते चालत नसेल तर १०० वॅटचा घ्या, पण तो बॅगेत छोटा म्हणता येणार नाही. सोबत १०० वॅटची एक मीटर केबल, कारण बऱ्याच बॉक्समध्ये केबल येतच नाही. चार्जर हातात आला की परत करायची मुदत संपायच्या आत तिन्ही पोर्टवर तुमच्याच वस्तू लावून बघा, सॅमसंगवर सुपर फास्ट असं येतंय का, लॅपटॉप स्लो चार्जर म्हणत नाहीये ना, अर्ध्या तासाने हात लावून किती तापलाय, आणि आर क्रमांक अ‍ॅपमध्ये जुळतोय का. यातलं एक जरी जमलं नाही तरी परत पाठवा.